थाई दाब तलवार: फोटोत न दिसणारी जाडी (काही महिन्यांच्या वापरानंतर)

दाब विकणारा लांबी सांगतो, वजन सांगतो. दोन्ही आकडे खरे असले तरी तलवार हातात कशी चालेल ते त्यांवरून कळत नाही.

मी कामानिमित्त बँकॉकला असतो आणि क्राबी-क्राबोंग ही थाई शस्त्रविद्या शिकतो. वर्गात वेताच्या काठ्या असतात; केळीचे खुंट कापायला आणि एकट्याने हात बसवायला खरी दाब हवी होती. ती अयुथया प्रांतातल्या अरण्यिक गावातून आणली. सुऱ्या-कोयत्यांसाठी हे गाव थायलंडभर ठाऊक आहे. इथल्या लोहारांचे पूर्वज लाओसमधल्या व्हिएन्तियानहून आले असे सांगतात. माझ्या तलवारीला ट्रकच्या स्प्रिंग-पाट्याचे पोलाद आहे. पाते ६३ सेंमी, मूठ २८ सेंमी, वजन म्यानाशिवाय ७२० ग्रॅमच्या आसपास.

आता मुद्दा. वरून पाहिले तर पाते टोकाकडे अरुंद होत नाही, उलट जरा रुंदावते: मुठीपाशी २७ मिमी, टोकाच्या अलीकडे ३२. फोटोत तेवढेच दिसते आणि वाटते की ही पुढे जड असणार. पण पात्याच्या पाठीला, म्हणजे धारेच्या उलट कडेला, व्हर्नियर लावून जाडी मोजा. मुठीपाशी ७.५ मिमी, मध्यावर ५, टोकाच्या चार बोटे अलीकडे ३ पेक्षा कमी. सगळी करामत या टेपरमध्ये, म्हणजे जाडी अशी उतरत जाण्यात आहे. तलवार फिरवताना प्रत्येक ग्रॅम मनगटापासूनच्या अंतराच्या वर्गाने भारी पडतो, म्हणून टोकाकडचे थोडे लोखंड उतरवले तरी हाताला मोठा फरक कळतो. वर्गातल्या एका मित्राची दाब लांबी-वजनाला जवळजवळ अशीच, पण पाते शेवटपर्यंत सारख्याच जाडीच्या पट्टीचे. तिचा तोल चार बोटे पुढे जातो आणि वार थांबवून उलटा फिरवताना ती ओढत नेते. दोन्ही हातांत दोन दाब घेऊन खेळायचे असेल तर हे फार जाणवते.

लांब मूठही तोल मागे खेचायला मदत करते. आपल्या तलवारीच्या मुठीत पंजा घट्ट बसतो, मागे चकती असते. इथे हात मुठीवर मागेपुढे सरकवता येतो. सुरुवातीला मुठीचे मागचे टोक कोपराखाली लागते, मग सवय होते.

तक्रारी दोन. पात्याची शेपटी मुठीत राळेने बसवलेली, ती पावसाळ्यात हलू लागली. गरम करून पुन्हा बसवावी लागली. (आपल्याकडे हेच काम लाख करते.) दुसरी, पातळ टोकाला आडवा ताण सोसत नाही. केळीवर सुरेख चालते, सुक्या बांबूवर नको. त्याला पारांग हा मलय कोयता घ्यावा, त्याचे पोट पुढे फुगवून वजन मुद्दाम टोकाकडे ठेवलेले असते. १७७३ साली ब्रह्मी फौजेशी लढताना थाई सेनानी फ्राया फिचाय घसरला आणि तोल सावरायला त्याने एक दाब जमिनीत रोवली, ती मोडली. उत्तर थायलंडमधल्या उत्तरादितला त्याचा पुतळा आहे, हातात ती मोडकी दाब. तलवारीवर अंगाचा भार टाकू नये हे आमचे गुरुजी याच गोष्टीवरून सांगतात.

घेणाऱ्याने पाठीची जाडी तीन ठिकाणी मोजून मागावी. विक्रेता देत नसेल तर पाते सरळ पट्टीतून कापलेले असण्याची शक्यता धरा. भारतात न्यायची असल्यास शस्त्र कायदा, १९५९ खाली आयात परवान्याचा प्रश्न येतो, तो आधी सोडवा. माझी इथेच राहणार.