ओल्ड रॅग : आठ महिन्यांत चार फेऱ्या

व्हर्जिनियातील शेनान्डोआ राष्ट्रीय उद्यानात असलेल्या ओल्ड रॅग डोंगराची वर्तुळाकार वाट मी मार्च ते ऑक्टोबर या काळात चार वेळा पूर्ण केली आणि पहिल्या फेरीतले माझे मत चौथीपर्यंत बरेच बदलले. सुमारे 15 किलोमीटरचे अंतर आणि 2,500 फुटांच्या आसपासची चढाई हे आकडे सह्याद्रीत पाय घासलेल्या माणसाला दचकवत नाहीत. मीही पहिल्या वेळी निर्धास्तच निघाले होते.

सुरुवातीचा चढ झाडीतून नागमोडी जातो आणि त्याविषयी सांगण्यासारखे फार नाही. झाडी संपून कातळ लागला की मात्र हातांचे काम सुरू होते. निळ्या खुणांचा माग धरून प्रचंड धोंड्यांवरून आणि त्यांच्या फटींतून चढावे लागते. एका फटीत पाठीवरची पिशवी काढून पुढच्याच्या हाती द्यावी लागली, मगच मला अंग तिरके करून वर सरकता आले. थोडे पुढे उभ्या भिंतींमधून दगडी जिना असावा तशी एक अरुंद घळ आहे. एक अब्जाहून अधिक वर्षांच्या ग्रॅनाइटमध्ये घुसलेला काळा बेसाल्ट आधी झिजल्यामुळे ती तयार झाली आहे. आपल्या गडांचे कडे ज्या जातीच्या दगडावर उभे आहेत, तोच येथे दुबळा ठरावा, याची मला मोठी गंमत वाटली.

कोरड्या ग्रॅनाइटवर बुटांची पकड उत्तम बसते, मात्र त्याचे खरखरीत कण बोटांची साले काढतात, म्हणून दुसऱ्या फेरीपासून मी हातमोजे वापरते. ओल्या कातळाचा भरवसा नाही. एप्रिलमध्ये भुरभुर पाऊस असतानाही मी हट्टाने चढले, घसरले आणि मागच्या खिशातल्या फोनची काच फोडून घेतली. चूक सर्वस्वी माझीच होती.

1 मार्च ते 30 नोव्हेंबर या काळात प्रवेशशुल्काखेरीज दिवसाचे वेगळे तिकीट आधीच काढावे लागते आणि दिवसाला 800 तिकिटांची मर्यादा आहे. तरीही शनिवारी अवघड टप्प्यांवर रांग लागते. तेथे अर्धा तास ताटकळताना घामेजलेले अंग गार पडते. आठवड्यातल्या दिवशी उजाडताच निघाल्यावर तीच वाट निवांत मिळाली. कुत्र्यांना या वाटेवर मनाई आहे. पाणी मी माणशी तीन लिटर नेते.

रिज ट्रेलने चढून सॅडल ट्रेलने उतरावे. उलट गेल्यास धोंड्यांवरून उतरणे जिकिरीचे होतेच, शिवाय वर येणाऱ्यांचीही अडचण होते. माझ्या मते खरी कसोटी धोंड्यांवर लागतच नाही. धोंड्यांवर सगळे लक्ष हातापायांत असते, थकवा जाणवत नाही. तो जाणवतो उतार संपल्यावर, जंगलातल्या त्या लांबलचक रुंद रस्त्यावर, जेथे करण्यासारखे काही नसते आणि गुडघे मात्र बोलू लागतात. पहिल्या फेरीत नेमक्या मापाच्या बुटांनी माझ्या दोन्ही अंगठ्यांची नखे काळी केली होती. आता मी अर्धे माप मोठे बूट घालते आणि उतरण्यापूर्वी माथ्यावर बसून नाड्या पुन्हा आवळते.