साठ युरोंच्या ‘हाताने वळलेल्या’ सिगार

मी स्वतः ओढत नाही, म्हणून फसलो असं म्हणता येईल. पण तेव्हा मी नेदरलँड्समधल्या आइंडहोवनला नोकरीला होतो, आणि तिथून दहाएक किलोमीटरवरचं वाल्केन्सवार्ड हे एके काळी सिगार कारखान्यांचं गाव. कुणालाही विचारलं असतं तरी भागलं असतं.

2018 चा डिसेंबर. मामांची सगळी हयात निपाणीच्या तंबाखू वखारीत गेली, म्हणून त्यांच्यासाठी सिगार न्यायच्या होत्या. ॲमस्टरडॅमला स्टेशनजवळच्या एका भेटवस्तूंच्या दुकानात लाकडी पेटी दिसली. वीस छोट्या सिगार, झाकणावर सोनेरी अक्षरात ‘हवाना’, म्हणजे क्युबाच्या राजधानीचं नाव. ‘क्युबाच्या आहेत, हाताने वळलेल्या, साठ युरो,’ दुकानदार म्हणाला. भारतात माणशी 25 सिगार करमाफीत नेता येतात, त्यामुळे हिशेबही बसला. वर त्याने ओलावा राखायची पुडी आठ युरोला गळ्यात मारली. रोख पैसे दिले, पावती मागितली नाही.

घरी मामांनी एक सिगार उचलली, नाकाशी नेली आणि ओढायच्या ऐवजी नखाने सोलायलाच घेतली. वरचं वेष्टण उजेडाकडे धरून म्हणाले, ‘लेका, ह्या पानाला शीर कुठाय?’ खरंच नव्हती. तुकडा पाण्याच्या वाटीत टाकला, तर थोड्या वेळाने बोटाने दाबताच त्याचा लगदा झाला. तंबाखूची भुकटी आणि तंतू एकत्र करून कागदासारखा ताव काढतात, त्याचं ते वेष्टण. स्वस्तातल्या यंत्रावरच्या सिगारमध्ये हे सर्रास चालतं, त्यात बेकायदा काही नाही. आत बारीक चुरा. मग मामांनी सगळ्या सिगार ओळीने मांडल्या. केसाचाही फरक नाही. ‘हातानं वळल्याल्या वीस विड्या घे, दोन सारख्या निघायच्या न्हाईत.’

पेटीवर दुकानाचं किमतीचं पांढरं स्टिकर होतं. तेही त्यांनीच खरवडलं. खाली डच सरकारचा अबकारी शिक्का आणि त्यावर छापील किंमत: 11 युरो 40 सेंट. तळाला बारीक अक्षरात कंपनीचा पत्ता, आमच्या आइंडहोवनजवळचाच!

जानेवारीत परतल्यावर तिथल्या तंबाखूच्या दुकानातल्या आजीबाईंना फोटो दाखवला. त्या आधी पोटभर हसल्या, मग समजावलं. नेदरलँड्समध्ये तंबाखूचा माल शिक्क्यावरच्या किमतीपेक्षा जास्तीला विकता येत नाही. त्यामुळे शिक्का झाकलेला दिसला की समजायचं. डच सिगारवर ‘हवाना’, ‘सुमात्रा’ लिहिलेलं असतं ते तंबाखूच्या धाटणीचं नाव, माल तिथूनच आला असं नव्हे. क्युबाच्या मिनी सिगारसुद्धा यंत्रावरच होतात, म्हणजे दुकानदाराचं वाक्य मुळातच जुळत नव्हतं. आणि डच सिगार कोरडीच ठेवायची असते. पुडीचे आठ युरो तर निव्वळ पाण्यात.

पावती नव्हती, त्यामुळे भांडायलाही गेलो नाही.

उरलेल्या एकोणीस सिगार मामांनी वखारीतल्या जुन्या दोस्तांना वाटल्या. ‘भाच्यानं आणल्यात, हातानं वळल्याल्या,’ असं सांगून.