छातीच्या सीटीला एआय सॉफ्टवेअर: पावसाळाभर वापरून काय वाटलं

सीटी मशीनच्या कन्सोलवरचा, पेशंटशी बोलायचा माईक बंद पडलाय आणि सर्व्हिसवाला म्हणतो तो एएमसीत (वर्षाच्या देखभाल करारात) येत नाही, ॲक्सेसरी आहे म्हणे! म्हणून आज लिहायला बसलो.

म्हापशातल्या आमच्या सेंटरात पावसाळ्याआधी मशीनवर नॉइझ, म्हणजे इमेजमधले दाणे, कमी करणारं एआय टाकून घेतलं, आता चवथ होऊन गेली. काम करतं, खोटं कशाला बोला. किरणांचा डोस निम्मा केला की नॉइझ साधारण 40 टक्के वाढतो, ते दाणे हे व्यवस्थित काढतं, 1 मिमीच्या स्लाइसवरसुद्धा बारकी नोड्यूल (गाठ) स्वच्छ दिसते. मालकांचं म्हणणं पैसे पूर्ण मोजलेत तर एआयची स्ट्रेंग्थ पण पूर्ण ठेवा. तशी ठेवली तर इमेज मेण फासल्यागत गुळगुळीत, आणि डिचोलीकडचे खाणीत आयुष्य काढलेले पेशंट येतात त्यांच्यात तर नेमकं फुफ्फुसातलं बारीक जाळंच बघायचं असतं, रिपोर्ट करणाऱ्या मॅडम वैतागल्या. आता मध्यमवर ठेवतो, एआय न लावलेली इमेज पण शेजारी पाठवतो.

पण माझं खरं दुखणं श्वासाचं. हलणारं फुफ्फुस कुठलंच एआय थांबवत नाही. खालचे लोब (फुफ्फुसाचे भाग) सगळ्यात जास्त हलतात, ते फिसकटले की फिसकटले, आणि श्वास अर्धाच घेतला तर मागच्या बाजूला खोटा ग्राउंड ग्लास (धुरकट डाग) दिसतो, मग रिपोर्टमध्ये भलतंच. मशीनमधली बाई हिंदी-इंग्रजीत बोलते, सत्तरीतली म्हातारी 'साँस रोकिए' ऐकून नुसती इकडेतिकडे बघते. शेवटी मी माझ्याच आवाजात कोंकणीत 'स्वास घेयात, धरून दवरात' रेकॉर्ड केलं, आधी टेबलावर दोनदा सराव करून घ्यायला लागलो आणि स्कॅन खालून वर घेतो, म्हणजे दम सुटला तरी तोवर तळ होऊन गेलेला असतो. खर्च शून्य, आणि खालच्या लोबांत जो फरक पडला तो लाखांच्या सॉफ्टवेअरने पडला नव्हता!

रेकॉर्डिंग अजून चालतं, पण कमी ऐकू येणाऱ्याला मध्येच ओरडून सांगायला माईकच लागतो ना. सर्व्हिसवाला म्हणतो पूर्ण कंट्रोल बॉक्स बदला, कोटेशन बघून मालकांनी चहा तसाच ठेवला. एआयचा लायसन्स रिन्यू करा म्हणून मात्र त्याचे मेल न चुकता येतात. तुम्ही घेणार असाल तर आधी माईक एएमसीत लिहून घ्या, तोंडी नको.