एक्स्ट्रूडर सिम्युलेशन: आठ महिने वापरल्यावर

जळगाव एमआयडीसीत आमचं एचडीपीई या प्लॅस्टिकच्या पाइपचं छोटं युनिट आहे. गेल्या पावसाळ्यात शेठनी सिंगल-स्क्रू एक्स्ट्रूजनचं (म्हणजे तापलेल्या नळीत, बॅरलमध्ये, फिरणारा एक स्क्रू प्लॅस्टिकचा दाणा वितळवून पुढे ढकलतो त्याचं) सिम्युलेशन सॉफ्टवेअर घेतलं आणि माझ्या गळ्यात घातलं. त्याचं नाव लिहीत नाही, कारण तक्रारीही बऱ्याच आहेत.

पहिल्याच दिवशी नाक कापलं गेलं. आमचा जुना स्क्रू 60 मिमीचा, एल/डी (लांबी भागिले व्यास) 30, मीटरिंगची, म्हणजे वितळलेला माल मोजून पुढे ढकलणाऱ्या शेवटच्या भागाची, खोली 3 मिमी. 60 आरपीएमला ड्रॅग फ्लोचं (स्क्रू फिरताना माल किती ओढला जातो त्याचं) सूत्र कागदावर मांडलं तर तासाला 42 किलो येतात. सॉफ्टवेअर म्हणालं 40. वजनकाट्यावर भरले 35. आमचे ऑपरेटर आप्पा म्हणाले, "साहेब, 35 तर मी फुकटात सांगितले असते."

हे पाच किलो शोधण्यात महिना गेला. आधी संशय मटेरियलच्या डेटावर. मी सॉफ्टवेअरच्या लायब्ररीतून आमच्याच एमएफआयचा (वितळलेलं प्लॅस्टिक किती सहज वाहतं त्याचा आकडा) एक ग्रेड उचलला होता. पण एमएफआय म्हणजे एका वजनाखाली, एका तापमानाला घेतलेलं एकच माप. मीटरिंगमध्ये शिअर रेट (माल किती वेगाने घासला जातो ते) सेकंदाला साठच्या पुढे असतो, तिथे सारख्या एमएफआयचे दोन ग्रेड अगदी वेगळे वागू शकतात. दाणा पुण्याच्या एका लॅबला पाठवून तीन तापमानांना कॅपिलरी रिओमीटरवर, म्हणजे बारीक छिद्रातून ढकलून दाटपणा मोजणाऱ्या यंत्रावर, तपासून घेतला. सॉफ्टवेअरचा आकडा 39 वर आला. उरलेले चार किलो? शेवटी स्क्रू बाहेर काढला. अशा स्क्रूला बॅरलपासून दर बाजूला साधारण 0.06 मिमी फट हवी. आमची कॉम्प्रेशनच्या (मीटरिंगच्या आधीचा, माल दाबून वितळवणारा भाग) शेवटी 0.35 निघाली! ती भरली तर उत्तर 36. त्यातही गोम अशी की सॉफ्टवेअर पूर्ण लांबीला एकच फट घेतं आणि आमचा स्क्रू झिजलाय मधेच.

म्हणून आउटपुटच्या आकड्यासाठी हे घेऊ नका. घ्या ते सॉलिड बेडच्या, म्हणजे स्क्रूत अजून न वितळलेल्या दाण्यांच्या, ग्राफसाठी.

75 आरपीएमला आमच्या पाइपची भिंत जाड-पातळ व्हायची. वर्षभर आम्ही हॉल-ऑफला (पाइप ओढून घेणारं यंत्र) शिव्या घातल्या, त्याचे पट्टेही बदलले. ग्राफमध्ये दिसलं की न वितळलेल्या दाण्यांची गादी स्क्रूच्या तिसापैकी चोविसाव्या आट्यापर्यंत टिकतेय. मीटरिंग एकोणिसाव्या आट्यापासून सुरू होतं, म्हणजे तिथे अर्धकच्चा माल पोचत होता. हा ग्राफ ज्या मॉडेलवरून येतो ते टॅडमोर या संशोधकांनी 1966 मध्ये मांडलं, आणि त्याच्या मागे मॅडॉक या दुसऱ्या संशोधकांचे 1959 चे प्रयोग आहेत: मशीन अचानक थांबवायचं, बॅरल थंड करायचं, स्क्रू काढून त्यावर गोठलेलं प्लॅस्टिक कापून बघायचं.

आम्हीही तेच केलं. बिनरंगी दाण्यात काळा मास्टरबॅच (रंगाचा दाणा) टाकला, मशीन बंद केलं आणि चेन ब्लॉक लावून स्क्रू ओढला. यात अख्खी शिफ्ट गेली, शेठ दर तासाला येऊन बघून जात होते. स्क्रूवरून गोठलेली पट्टी सोलून आप्पांनी हॅक्सॉने तिचे एकेका आट्याचे तुकडे केले. काळ्या चकतीत पांढरा ठिपका, म्हणजे न वितळलेला दाणा, तो दर आट्याला बारीक होत जाणारा. शेवटचा पांढरा सव्विसाव्या आट्यावर सापडला. सॉफ्टवेअर दोन आट्यांनी चुकलं, पण रोग बरोबर सांगितला. बॅरलच्या दुसऱ्या हीटिंग झोनचं तापमान 15 अंशांनी वाढवलं, स्क्रीनवर आधी चार पर्याय चालवून बघून. भिंतीतली जाड-पातळ लाट पूर्ण गेली नाही. 70 आरपीएमपर्यंत मात्र भिंत आता धरून राहते. एरवी हे चार पर्याय मशीनवर करून बघायचे म्हणजे गोण्याच्या गोण्या दाणा स्क्रॅपमध्ये गेला असता.

आता तक्रारी. सगळ्यात मोठी घर्षणाची. नट बोल्टबरोबरच फिरला तर पुढे सरकत नाही, दाण्याचंही तसंच: त्याने बॅरलला धरावं आणि स्क्रूवरून घसरावं. हे दोन गुणांक सॉफ्टवेअर तुम्हालाच विचारतं. ते कुठून आणायचे? बॅरलचा गुणांक जरासा हलवला की प्रेशरचा ग्राफ कुठल्या कुठे जातो. मी तो शेवटी डायच्या (पाइपला आकार देणारा साचा) प्रेशर गेजशी जुळेपर्यंत खालीवर केला, म्हणजे उत्तर बघून गणित सोडवलं. रिप्रोसेस (भंगारातून परत केलेला) दाणा मिसळला की तेही कोलमडतं, कारण हॉपरमधली बल्क डेन्सिटी, म्हणजे सुट्या दाण्याची घनता, दर गोणीला वेगळी.

दर अपडेटनंतर एककं परत पीएसआय आणि फॅरनहाइटवर जातात. एकदा मी 400 हे सेल्सिअस समजून चालवलं आणि सॉफ्टवेअरने निमूटपणे उत्तरही दिलं. डोंगल (लायसन्सची यूएसबी किल्ली) हरवला तर नवीन लायसन्सचे पैसे. सपोर्टला ईमेल केली की चौथ्या दिवशी "कृपया स्क्रीनशॉट पाठवा" येतं.

लायसन्सची मुदत जूनमध्ये संपतेय. शेठ विचारतायत, परत घ्यायचं का. मी म्हटलं, घ्या, पण त्याआधी हा स्क्रू रिबिल्डला पाठवा, आणि दुसऱ्या मशीनचा काढून मला मायक्रोमीटर लावू द्या.