मॅकेनाज गोल्डचं 'ओरिजिनल' पोस्टर घेणार असाल तर आधी हे वाचा

जुन्या पिक्चरची पोस्टरं जमवणाऱ्या मंडळींनो, सध्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक जण फिरतोय, मॅकेनाज गोल्डचं १९६९ चं अमेरिकन ओरिजिनल पोस्टर आहे म्हणतो, आजोबा थेटरात मॅनेजर होते, माळ्यावर सापडलं वगैरे स्टोरी सांगतो, मला १२ हजाराला चुना लावलाय त्याने.

या पिक्चरचं आपल्याकडे काय वेड होतं ते सांगायला नको. ग्रेगरी पेक, ओमर शरीफ, ॲरिझोनातला तो सुळका आणि त्याची लांबत जाणारी सावली, शेवटी सगळं कोसळतं ते! अमेरिकेत फारसा चालला नाही पण इथे पुन्हा पुन्हा लागायचा, म्हणून इथे गिऱ्हाईक तयारच असतं आणि भामट्याला ते बरोब्बर माहितीये.

पोस्टर आलं गोल नळकांड्यात. त्या काळी अमेरिकेत २७ बाय ४१ इंची वन-शीट पोस्टरं थेटरांना बहुतेक घडी घालूनच जायची. गुंडाळलेलं म्हणजे खोटंच असं नाही, पण यावर घड्या दिसत होत्या, पांढऱ्या विरलेल्या रेघा, एकदम खऱ्या वाटाव्यात अशा, आणि बोट फिरवलं तर कागद सपाट गुळगुळीत! म्हणजे कोणाचं तरी खरं पोस्टर स्कॅन करून घड्यांसकट छापलंय. खाली नॅशनल स्क्रीन सर्व्हिसची (तिकडे थेटरांना पोस्टरं पुरवणारी कंपनी) बारीक ओळ असते, खेळ संपले की पोस्टर परत करा अशी, ती इतकी फिसकटलेली की एक अक्षर लागेना. भिंगातून ऑफसेट छपाईचे ठिपके रांगेत दिसायला हवेत, इथे नुसता शाईचा फवारा.

पैसे देण्याआधी मागच्या बाजूचा फोटो मागितला होता, तिरक्या उजेडात घडी मागूनच कळते, तर म्हणे "दादा, विश्वास नाही का, दुसरी पार्टी थांबलीये". तुम्हाला असं कोणी म्हणालं की तिथेच सोडून द्या.

नंतर फोन केला तर रिफंड देतो म्हणून क्यूआर पाठवला, स्कॅन करून पिन टाका म्हणे. अरे, पैसे यायला पिन कशाला लागतो? नाही टाकला. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केलीये, बँकेलाही कळवलंय, अजून काही हाती लागलेलं नाही. तेवढ्यात दुसऱ्या एका ग्रुपवर तोच फोटो, कोपऱ्यातल्या त्याच डागासकट, १५ हजाराला आलाय, विकणाऱ्याचं नाव फक्त वेगळं.