भिंतीला भोक न पाडता घर लावायच्या दोन वस्तू, दीड वर्ष वापरून लिहितेय

आधीच सांगून टाकते, स्प्रिंगवाल्या रॉडला पाचपैकी साडेचार आणि चिकटवायच्या हुकांना तीन. घाईत असाल तर एवढं पुरे आहे. पण दोन्ही गोष्टी पहिल्या महिन्यात माझ्याकडे पडल्यात, रॉड तर रात्री अडीचला पडला आणि मला वाटलं घरात कोणी शिरलं, त्यामुळे का पडल्या आणि नंतर का नाही पडल्या ते वाचून घ्या, तुमची एक झोप वाचेल.

तर परिस्थिती अशी की भाड्याचा फ्लॅट, दोन खोल्या, भिंतीतलं कपाट एकही नाही, आणि घरमालकांची एकच अट की ड्रिल मारायचं नाही, खिळा ठोकायचा नाही, सोडताना भिंती होत्या तशा हव्यात नाहीतर डिपॉझिटमधून कापणार. फर्निचर घ्यायला पैसे नव्हते आणि घेतलं असतं तरी पुढच्या घरात ते बसेल याची गॅरंटी काय. कपडे दोन महिने सूटकेसमध्येच होते. मग मी नेटवर बसून एका रात्रीत काय काय मागवलं ते विचारू नका, त्यातलं निम्मं वाटून टाकलं, टिकल्या त्या या दोनच.

रॉडचं आधी. हा पोकळ नळीत नळी असलेला, आत स्प्रिंग आणि दोन्ही टोकांना रबराचं बूच असलेला रॉड, बाथरूमच्या पडद्याला लोक लावतात तोच. दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये दाबून बसवायचा, ना स्क्रू ना काही. स्प्रिंग दोन्हीकडे ढकलत राहते आणि रबराच्या घर्षणावर सगळं वजन तोलतं. एवढीच त्याची सगळी इंजिनिअरिंग आहे आणि एवढंच समजलं असतं तर माझा रॉड पडला नसता, कारण मी काय केलं, कोनाड्याच्या मापाला अगदी बरोब्बर रॉड ओढला आणि अडकवला. बसला छान. पण स्प्रिंग दबलीच नाही तर ती ढकलणार कशी. रॉड जागेपेक्षा दोन-तीन सेंटीमीटर लांब ठेवायचा आणि मग दाबून आत घुसवायचा, हाताला जोर लागला पाहिजे. सहज बसला तर सहजच पडणार.

दुसरी चूक लांबीची. मला वाटलं जेवढा लांब रॉड तेवढे जास्त कपडे. उलट आहे. नळीच्या मध्यावर वजन टाकलं आणि लांबी दुप्पट केली की वाक दुप्पट नाही होत, आठपट होतो. आणि रॉड वाकला की टोकं तिरकी होतात, रबर भिंतीवर सपाट बसत नाही, कडेवर येतं, मग घसरतं. तो पडायच्या आधी दोन दिवस वाकलेला दिसत होता पण मी म्हटलं चालायचंच. तेव्हा जड कपडे दोन्ही कडांना सारखे वाटून, मधे हलके शर्ट. ओले कपडे अजिबात नाही, ओल्या जीन्सचं वजन काय होतं ते बादलीतून काढताना कळतंच. आणि रॉड त्याच्या पूर्ण लांबीपर्यंत कधी ओढू नका, आतली नळी बाहेरच्या नळीत चांगली हातभर तरी राहू दे, जोडाशीच तो सगळ्यात आधी मोडतो. घेताना दिलेली कमाल लांबी ही दुकानदाराची लांबी समजा, तुमची त्याहून कमी. जाडीही बघा, बोटाएवढी नळी फक्त पातळ पडद्याला ठीक, कपड्यांना अंगठ्याहून जाड पाहिजे.

आता त्याचं काय काय केलं. दाराच्या मागच्या कोनाड्यात एक रॉड, त्यावर हँगर, आणि पुढे वरच्या बाजूला दुसरा बारीक रॉड लावून त्यावर जुन्या चादरीचा पडदा. झालं कपाट. चादर शिवली पण नाही, वरची दुमड आधीच होती तिची दोन्ही टोकं उसवून त्यातून रॉड ओवला. पडदा खिडकीला किंवा कोनाड्याला लावताना कापड जागेच्या दीड ते दुप्पट रुंद घ्या, नाहीतर ते ताणून बांधलेल्या बॅनरसारखं दिसतं, चुण्या पडल्या की तेच स्वस्त कापड बरं दिसायला लागतं. आणि रॉड चौकटीच्या लगेच वर न लावता शक्य तितका वर, छताजवळ, खोली उंच वाटते. हे ऐकून मला पण हसू आलं होतं, लावून बघितल्यावर नाही आलं.

सगळ्यात भारी उपयोग मात्र सिंकखाली झाला. तिथल्या कप्प्यात आडवा एक छोटा रॉड टाकला आणि स्प्रेच्या बाटल्या ट्रिगरने त्यावर लटकवल्या, खालची जमीन मोकळी. भांड्यांच्या कप्प्यात दोन छोटे रॉड उभे, खालून वर दाबून बसवलेत, त्यांच्यामध्ये झाकणं आणि ताटं उभी राहतात, खालचं एक काढायला वरची सगळी उचलावी लागत नाहीत. भाऊ आला होता तेव्हा कप्पा उघडून म्हणाला, "ताई, तुला आता रॉडचा आजार झालाय." झालाय. त्याच्या घरी पण दोन लावून आले.

साडेचारच का, तर अर्धा बाथरूमचा कापला. गुळगुळीत टाइलवर साबणाचा थर बसतो आणि बूच हळूहळू खाली सरकतं, आठवड्याला एक बोट. टोकं आणि टाइल दोन्ही पुसून कोरडी करून परत लावलं की महिनाभर बघायला नको. साधा लोखंडी पॉलिश केलेला असेल तर वाफेने गंजतो आणि गंजाचा गोल डाग भिंतीवर उमटतो, तो जात नाही, म्हणून बाथरूमसाठी स्टेनलेस स्टीलचाच घ्या, थोडे जास्त गेले तरी. आणि ठोकून बघा, आतून पोकळ आवाज येणारी पार्टिशनची भिंत असेल तर तिथे हा लावू नका, रॉड दाबतो आणि बोर्डाला खळगा पडतो. दाराची चौकट, विटांची भिंत, कपाटाच्या आतल्या बाजू, हे सगळं चालतं.

आता हुक. इथे माझं मन जरा कडू आहे.

हे ते मागे पांढरी चिकटपट्टी असलेले प्लॅस्टिकचे हुक, काढताना खालचं शेपूट ओढलं की पट्टी लांब होत होत निघते आणि भिंतीला काही होत नाही असं पाकिटावर लिहिलेलं असतं. होतं काय, तर माझ्या भिंतीचा तळहाताएवढा रंग हुकाबरोबर निघून आला, आत पांढरं प्लास्टर. मी त्या कंपनीला मनातल्या मनात खूप शिव्या दिल्या आणि एक तारा द्यायला बसले होते. पण नंतर पाकिटामागचं बारीक अक्षरातलं वाचलं, जे मी आधी वाचायला हवं होतं, आणि लक्षात आलं की मी प्रत्येक गोष्ट चुकीची केलेली.

मुळात हुक भिंतीला चिकटतच नाही, तो रंगाला चिकटतो. रंग प्लास्टरला धरून असतो. आता या साखळीत सगळ्यात कमजोर कडी कुठली ते बघायचं. हात फिरवल्यावर खडूसारखी पूड लागत असेल तर हुक कितीही महागाचा घ्या, तो त्या पुडीला चिकटलाय. नवीन रंग दिला असेल तर किमान आठवडाभर थांबायचं, रंग वरून कोरडा लागतो पण आतून सुकलेला नसतो. वॉलपेपरवर नाही, खडबडीत टेक्स्चरवर नाही. टाइल, काच, गुळगुळीत पेंट, लाकडाचं पॉलिश, मेटलचं दार, इथे तो राजा आहे. माझ्या किचनच्या टाइलवरचे चार हुक दीड वर्ष जागचे हललेले नाहीत.

लावायच्या आधी जागा साबणाच्या स्प्रेने पुसू नका, तो मागे पातळ थर सोडतो, सर्जिकल स्पिरिट कापसावर घेऊन पुसा आणि वाळू द्या. मग अर्धा मिनिट खच्चून दाबायचं, खरंच घड्याळ लावून, कारण आपला अर्धा मिनिट सात सेकंदांचा असतो. आणि मग लगेच काही अडकवायचं नाही, तासभर तसाच सोडायचा. मी हुक लावला, लगेच बॅग टांगली, कौतुकाने फोटो काढला, आणि फोटो पाठवेपर्यंत बॅग खाली.

काढायचं तर मी पार उलटं केलं, शेपूट धरून स्वतःकडे खेचलं. ते भिंतीला चिकटून सरळ खाली ओढायचं असतं, अगदी सावकाश, पट्टी फूटभर लांब झाली तरी ओढत राहायचं. ती ताणली की पातळ होते आणि कडेकडेने सुटत जाते, एकदम सगळा जोर रंगावर येत नाही, त्या पट्टीची सगळी हुशारी तेवढ्यात आहे. शेपूट तुटलं तर हेअर ड्रायरने गरम करून मागून जाड दोरा करवतीसारखा पुढेमागे फिरवायचा, मी तीन असे काढले, एकाही ठिकाणी रंग गेला नाही.

आणि वजन. पाकिटावरचा आकडा हा भिंतीला टेकून सरळ खाली लटकणाऱ्या वस्तूचा असतो. चपटी फ्रेम, किल्ल्या, टोपी, छान. पण त्याच हुकांवर पुढे आलेली छोटी फळी ठेवली की ती तरफेसारखी वरची कड उचकटते, वजन आकड्याच्या निम्मं असलं तरी पडते. माझी फळी कुंडीसकट पडली. माती पलंगावर. असो. काच असलेली फ्रेम झोपायच्या जागेच्या वर तर कधीच लावू नका, हे कुठल्याच हुकाबद्दल.

निघालेल्या रंगाचं काय केलं ते पण सांगते, कारण नेटवर सगळे टूथपेस्ट भरा म्हणतात. भरू नका, ती वाळून आकसते, तडे जातात आणि वर रंग धरत नाही. छोटा वॉल पुट्टीचा डबा, पातळ दोन थर, मधे वाळू द्यायचं, बारीक सँडपेपर. भिंत एकसारखी झाली पण रंगाची शेड जुळली नाही, पांढऱ्यात इतके पांढरे असतात हे मला तेव्हा कळलं. घरमालक डिपॉझिटमधून थोडे कापणारच. तरी तीन तारे देतेय कारण चूक माझी होती, आणि दोन कापतेय कारण इतकं महत्त्वाचं पाकिटाच्या मागे मुंगीच्या अक्षरात छापायचं ही चूक त्यांची.

बाकीचं भराभर. भोकांचा बोर्ड घेतला, म्हणजे पेगबोर्ड, तो टांगायला भोकं पाडावी लागतात हे तो घरी आल्यावर सुचलं, शेवटी टेबलावर भिंतीला टेकवून उभा केलाय. त्यावर प्रत्येक वस्तूची बाह्यरेषा मार्करने काढली, ही आयडिया टीव्हीवर स्वयंपाक शिकवणाऱ्या अमेरिकेच्या ज्युलिया चाइल्ड यांच्या किचनची, त्यांच्या बोर्डावर प्रत्येक भांड्याची आकृती रेखलेली होती आणि ते अख्खं किचन आता अमेरिकेत स्मिथसोनियनच्या म्युझियममध्ये ठेवलंय. फायदा म्हणजे कात्री जागेवर नसेल तर कात्रीच्या आकाराचं भूत दिसतं आणि घरातला कोणीही ती न विचारता परत तिथेच लावतो. चिकटवायचा वॉलपेपर नको, सांधे उघडतात. पलंगाखालचे चाकांचे खोके हो, पण आधी पलंगाखालची उंची मोजा, मी नाही मोजली. बल्ब बदला, सगळ्यात कमी पैशांत सगळ्यात जास्त फरक त्याने पडला, खोक्यावर २७०० के (के म्हणजे केल्विन, उजेडाचा रंग सांगणारा आकडा) लिहिलेला पिवळसर बल्ब झोपायच्या खोलीला, ४००० के ओट्यावर. ६५०० के लावला की आपलंच घर दवाखाना वाटतं. घरमालकांचे जुने बल्ब एका डब्यात जपून ठेवा, जाताना ते परत लावायचे आणि आपले घेऊन जायचे.

लहान घराला रडणाऱ्यांसाठी एक आठवलं. १९२६ मध्ये मार्गारेटे श्यूटे-लिहोट्स्की या आर्किटेक्ट बाईंनी जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या नव्या वसाहतींसाठी किचन बनवलं, साधारण १.९ बाय ३.४ मीटर, त्यात भिंतीला घडी करून लावायची इस्त्रीची फळी आणि नाव घातलेले अॅल्युमिनियमचे खणसुद्धा बसवले. तशी हजारो किचन बांधली गेली. मी माझं किचन मोजलं, त्याहून मोठं निघालं, आणि पसारा मात्र माझा. त्या दिवशी सिंकखालचा रॉड लावला.

पुढच्या महिन्यात घर बदलतेय. काल रिकामा फ्लॅट बघायला गेले तर इतर लोक हवा, उजेड, पाण्याचं विचारत होते आणि मी मेझर टेप घेऊन कोनाड्यात. १३२ सेंटीमीटर. माझा रॉड ११० ते २०० चा आहे, मस्त बसेल. हुक पण नेणार, फक्त पट्ट्या नवीन घ्याव्या लागतील, त्या एकदाच वापरता येतात. आणि भिंतीवरून हात फिरवून बघितला, पूड लागली नाही.