नोकरी, लेकरं आणि पुण्याचा वीकेंड एमबीए: संभाजीनगरहून करणाऱ्यांसाठी रिव्ह्यू

कंपनीत आणि सोसायटीत लई जण विचारायलेत की चाळिशीला टेकल्यावर एक्झिक्युटिव्ह एमबीए करावा का, आणि करावा तर पुण्याला जाऊन करावा का, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. मी वाळूजला ऑटो पार्ट्स बनवणाऱ्या कंपनीत परचेसला आहे. मोठी लेक स्कॉलरशिपच्या परीक्षेच्या वयाची, धाकटा दुसरीत, नवरा जिल्हा परिषद शाळेत शिक्षक. पुण्यातल्या एका खासगी युनिव्हर्सिटीचा दोन वर्षांचा वीकेंड कोर्स यंदा पूर्ण झाला. शिकवण्याला पाचपैकी चार, ऑफिसच्या कारभाराला दोन, आणि मराठवाड्यातून जाऊन करणाऱ्या आईबापाच्या सोयीला तीन. माझं मत विचाराल तर फीचं कसं तरी जमतं हो, कंपनी देते, बँक देते, पण दोन वर्षांचे शनिवार-रविवार कोणीच देत नाही, ते घरातूनच काढावे लागतात, त्यामुळे ब्रोशरच्या आधी टाइमटेबल मागा.

आमचं टाइमटेबल असं होतं की एक वीकेंड आड पुण्याला जायचं, शनिवारी सकाळी नऊला सुरू आणि रविवारी पाचला सुट्टी, शिवाय बुधवारी रात्री आठ ते दहा ऑनलाइन क्लास. आपल्याकडून मुंबईला जायचं तर वंदे भारत आहे, जनशताब्दी आहे, देवगिरी आहे. पुण्याला मात्र सोयीची रेल्वे नाही, रस्ताच. जवळपास 235 किलोमीटर, नगर, शिरूर, रांजणगाव करत, आणि वाघोलीला गाडी अडकली की मग काही सांगता येत नाही. शुक्रवारी ड्युटी सुटली की घरी यायचं, पोरांना जेवू घालायचं आणि रात्रीची बस धरायची. रविवारी परत येईपर्यंत लेकरं झोपलेली असायची आणि सोमवारी सकाळी साडेसातला कंपनीची बस. पुण्यातल्या बॅचमेट लोकांना हा कोर्स जेवढा पडतो त्याच्या दीडपट आपल्याला पडतो, पैशानं पण आणि शरीरानं पण, हे काउन्सेलर तुम्हाला सांगणार नाही.

घरचं सांगायचं तर सासूबाई अंबडहून येऊन राहिल्या म्हणूनच झालं. फॉर्म भरायच्या आधी त्यांच्याशी बोलले होते, त्या म्हणाल्या, "जा गं, शीक, लेकरांकडं मी बघते, पण महालक्ष्म्यांना घरी पाहिजे तू." आणि पहिल्याच वर्षी मार्केटिंगच्या प्रोजेक्टचं सबमिशन नेमकं महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी आलं. पुण्यातल्या ऑफिसला गणपती विसर्जनाची सुट्टी पाठ असते, पण आमच्याकडं महालक्ष्म्या बसल्या की तीन दिवस घरात श्वास घ्यायला फुरसत नसते, सोळा भाज्या, पुरण, आंबील, सवाष्णी. सर भले होते, फोनवर नीट सांगितल्यावर दोन दिवस वाढवून दिले, आणि ग्रुपमधल्या नांदेडच्या मॅडमनी माझ्या वाटणीच्या स्लाइड स्वतः जोडून घेतल्या. त्यांना कारण समजावून सांगावंच लागलं नाही. बुधवारच्या क्लासचं म्हणाल तर लेक शेजारी बसून तिचा अभ्यास करायची आणि कॅमेरा बंद ठेवायला परवानगी होती, तेवढी सवलत फार कामाला आली.

आता शिकवण्याचं. सगळ्यात जास्त पैसे वसूल झाले ते फायनान्समध्ये, तेही वर्किंग कॅपिटलच्या, म्हणजे धंदा रोज चालवताना अडकणाऱ्या पैशाच्या, एका विषयात. आम्ही परचेसवाले वर्षानुवर्षं हेच करत आलो की व्हेंडरचं बिल जेवढं लांबवता येईल तेवढं लांबवायचं, नव्वद दिवस म्हणजे आमच्याकडं नॉर्मल. 1 एप्रिल 2024 पासून इन्कम टॅक्समध्ये कलम 43बी(एच) आलं, म्हणजे सूक्ष्म आणि लघु उद्योगाकडून माल किंवा काम घेतलं तर लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत, करार नसेल तर 15 दिवसांत पैसे द्यायचे, आणि तसं न करता वर्ष संपेपर्यंत बाकी ठेवले तर तो खर्च त्या वर्षी टॅक्समधून वजा मिळत नाही, ज्या वर्षी पैसे द्याल त्या वर्षी मिळतो. सरांनी ते कलम वाचून नाही दाखवलं, फळ्यावर गणित मांडलं. स्टॉक 40 दिवसांचा, गिऱ्हाईक 60 दिवसांनी पैसे देतं, आपण व्हेंडरला 90 दिवसांनी देतो, म्हणजे 40 अधिक 60 वजा 90, आपला पैसा फक्त 10 दिवस अडकतो. व्हेंडरला 45 दिवसांत द्यायला लागलं की तेच 55 दिवस. महिन्याची खरेदी 2 कोटी धरा, तर 45 दिवसांचे 3 कोटी बँकेकडून उभे करायचे, दहा टक्क्यांनी वर्षाला 30 लाख नुसतं व्याज. मग सरांनी विचारलं, हे 30 लाख कुठून काढाल? अर्धा वर्ग म्हणाला व्हेंडरकडून रेट कमी करून घेऊ. सर म्हणाले, ज्याचे पैसे आजवर तुम्ही वापरले त्यालाच परत पिळणार, आणि तो बंद पडला तर लाइन कोण चालवणार? आधी तो 40 दिवसांचा स्टॉक उघडून बघा.

मी सोमवारी कंपनीत जाऊन तेच केलं. स्टोअरमध्ये बघितलं तर एका साइजचे बार लई महिन्यांचे पडून होते, आणि जे रोज लागतात ते मात्र दर आठवड्याला धावपळ करून मागवायचो. आमच्या अकाउंट्सच्या साहेबांसमोर ते शीट ठेवलं, त्यांनी दोन प्रश्न विचारले, तिसऱ्याला म्हणाले प्लँट हेडला दाखवू. आज आमचे टर्निंग आणि प्लेटिंगचे छोटे जॉबवर्कवाले मुदतीत पैसे घेऊन जातात. त्यातल्या एकानं परवा सांगितलं की कामगारांचा पगार आता सात तारखेच्या पुढं जात नाही. मला प्रमोशनपेक्षा या गोष्टीचा जास्त आनंद झाला, खरंच सांगते.

हे नोकरीत नसताना, वयाच्या बाविसाव्या वर्षी शिकले असते तर नुसता फॉर्म्युला पाठ झाला असता. एक्झिक्युटिव्ह एमबीएची कल्पनाच तशी आहे, शिकागो युनिव्हर्सिटीनं 1943 मध्ये सुरू केला तोच मुळी काम करणाऱ्या मॅनेजर लोकांसाठी. वर्गात चाकणचा प्रॉडक्शनवाला होता, जालन्याचा बियाणं कंपनीतला सेल्सचा माणूस होता, एक बँकेचे शाखाधिकारी, एक हॉस्पिटल चालवणाऱ्या डॉक्टर. बियाण्याच्या धंद्यात माल विकायचे जेमतेम काही आठवडे आणि पाऊस लांबला की सगळं परत, हे त्या जालन्याच्या भाऊंनी सांगितल्यावर इन्व्हेंटरीचा चॅप्टर जितका समजला तितका पुस्तकातून नसता समजला.

वाईट काय ते पण सांगते. स्ट्रॅटेजीचे सर नुसत्या स्लाइड वाचायचे आणि केसेस सगळ्या अमेरिकेतल्या जुन्या. टाइमटेबल सेमिस्टरच्या मधेच बदलायचे, गुरुवारी रात्री मेसेज यायचा की या वीकेंडचा क्लास पुढच्या वीकेंडला. पुण्यात राहणाऱ्याचं काही जात नाही, पण ज्यानं बसचं तिकीट, रूम आणि घरी लेकरांची व्यवस्था केलीय त्यानं काय करायचं? त्याच गडबडीत लेकीच्या शाळेचं गॅदरिंग माझं हुकलं, त्याचा राग अजून आहे मला. प्लेसमेंट सपोर्ट म्हणून जे सांगितलं होतं ते म्हणजे बायोडेटा कसा लिहायचा याचं एक दुपारचं सेशन. अॅडमिशनच्या वेळी मात्र दिवसातून तीनदा फोन, आजच सीट ब्लॉक करा म्हणून.

ज्यांना फक्त डिग्री पाहिजे, म्हणजे प्रमोशनच्या फाइलवर पोस्ट ग्रॅज्युएट लिहिलेलं पाहिजे, त्यांनी पुण्याच्या वाऱ्या करूच नयेत. इग्नूचा एमबीए आहे, एक लाखाच्या आत होतो, कमीत कमी दोन आणि जास्तीत जास्त चार वर्षं मिळतात, परीक्षा जून आणि डिसेंबरला. पोरगं दहावीला असेल तर ते वर्ष हळू घेता येतं, ही सोय वीकेंड कोर्सला नाही. मान्यताप्राप्त संस्थेची ऑनलाइन किंवा डिस्टन्स डिग्री रेग्युलरच्या बरोबरीची हे यूजीसीनं 2022 मध्ये स्पष्ट केलंय, फक्त संस्था आणि कोर्स यूजीसीच्या यादीत आहे का ते स्वतः बघा. वर्गातली चर्चा मात्र तिथं मिळणार नाही आणि अभ्यासाला मागं लागणारं कोणी नसतं.

पैशाचं शेवटी. हातात पडणार ते डिग्री आहे, डिप्लोमा आहे की सर्टिफिकेट, हे लेखी विचारा, कारण सर्टिफिकेट कोर्सवर वरून 18 टक्के जीएसटी लागतो आणि जाहिरातीत बऱ्याचदा तो धरलेला नसतो. एज्युकेशन लोन घेतलं तर व्याजावर इन्कम टॅक्समध्ये आठ वर्षं सूट मिळते, पण जुन्या टॅक्स पद्धतीतच, आणि बँकेचं किंवा मान्य वित्तसंस्थेचं कर्ज पाहिजे, भावाकडून किंवा कंपनीकडून घेतलेलं चालत नाही. कंपनी फी भरणार असेल तर बहुतेक बाँड असतो, म्हणजे ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार. माझ्या कंपनीनं निम्मी फी भरली आणि कोर्सनंतर दोन वर्षांचा बाँड घेतला, त्यात मी एचआरकडून एक ओळ घालून घेतली की जेवढे महिने काम केलं तेवढी रक्कम कमी होत जाईल. सुरुवातीच्या कागदात नोकरी सोडली तर पूर्ण रक्कम परत असं होतं. सही करायच्या आधी मागितलं तर एचआर ऐकतं, नंतर नाही.